उरलेलं बिल चूल भरते

हिवाळ्यातलं ऊर्जेचं बिल हा थंड देशांचा प्रश्न आहे, अशी आपली समजूत असते. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपात नैसर्गिक वायू महागला आणि ब्रिटनमधल्या कित्येक घरांना खोली गरम ठेवायची की पोटभर जेवायचं याचा विचार करावा लागला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलं. त्या मानाने पावसची थंडी ती काय! रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून, गोळपच्या सड्यावरून वीसेक किलोमीटर दक्षिणेला गेलं की हे गाव लागतं. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे ते महाराष्ट्रभर माहीत आहे. इथे जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण अठरा-वीस अंशांच्या आसपास असतो. थंडी पडली तर बागायतदाराला ती हवीच असते, कारण हापूसचा मोहोर तिच्यावर अवलंबून असतो. खोली तापवण्याचं यंत्र इथल्या साध्या घरात सापडणार नाही. तरीही डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत इथल्या कमी उत्पन्नाच्या घरांचा इंधनाचा खर्च ओढाताणीचा होतो, आणि सरकारी मदत नेमकी त्या वेळी त्यांच्या हातात नसते. ही ओढाताण कुणाला दिसत नाही, याचं कारण एकच आहे. पैशांत जे बिल भरलं जात नाही, ते परसातली चूल भरते. चूल ते भरते म्हणजे घरातली बाई भरते, आपल्या वेळाने आणि आपल्या फुप्फुसांनी. मदतीच्या योजना आखताना हा हिशेब कुठेच धरला जात नाही. तो धरल्याशिवाय या योजना किती यशस्वी झाल्या हे ठरवता येणार नाही.

थंडीत इथे जास्तीची ऊर्जा लागते ती पाण्याला. विहिरीचं पाणी पहाटे अंगावर घेणं धडधाकट माणसाला जमेल, पण लहान मुलं, म्हातारी माणसं, बाळंतीण, दम्याचा रुग्ण यांना ते सोसत नाही. साधा हिशेब करून पाहू. घरात पाच माणसं, प्रत्येकाला एक मोठी बादली म्हणजे वीस लिटर पाणी, आणि ते वीस अंशांनी तापवायचं. रोजच्या या शंभर लिटरला विजेवर साधारण सव्वादोन ते अडीच युनिट लागतात, म्हणजे महिन्याला सत्तरच्या आसपास. हेच पाणी गॅसवर तापवलं तर शेगडीची बरीचशी उष्णता हवेत जाते. तेवढी वजा केली, तर १४.२ किलोची भरलेली टाकी निव्वळ आंघोळीच्या पाण्यावर जेमतेम दीड महिन्यात संपते. यात अजून भातही शिजलेला नाही आणि चहाही झालेला नाही. चार-पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर व्हायचा असेल तर वर्षाला आठ ते दहा टाक्या लागतात. त्यात थंडीतलं पाणी मिळवलं की आकडा आणखी वाढतो. ‘कोकणात थंडी कुठे असते’ असं म्हणणाऱ्याने हे गणित मनात ठेवावं. गारठा सौम्य असला तरी शंभर लिटर पाणी तापवायला लागणारी उष्णता निसर्गाच्या नियमानेच ठरते, आणि तिचे पैसे गरीब घरालाही तितकेच मोजावे लागतात.

पाणी विजेवर तापवायचं ठरवलं तर अडचण येते ती दराच्या टप्प्यांची. महावितरणच्या घरगुती दरात पहिले शंभर युनिट स्वस्त असतात आणि त्यापुढचे तीनशेपर्यंतचे युनिट दुपटीच्या आसपास जातात. २०२४-२५ या वर्षात वीज नियामक आयोगाने ठरवलेला दर पहिल्या शंभर युनिटांना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे होता आणि पुढच्या टप्प्याला १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर वहन आकार १ रुपया १७ पैसे. एकफेजी जोडणीचा स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. एरवी नव्वद युनिट वापरणाऱ्या घराचं बिल या दराने सुमारे ७६० रुपये होतं. त्याच घरात थंडीत गीझर किंवा पाण्यातली कॉइल लावून सत्तर युनिट वाढले की बिल सव्वासोळाशेच्या पुढे जातं. वापर पाऊणपटीने वाढला, बिल दुपटीच्या वर गेलं. वाढलेली ही रक्कम एका गॅसच्या टाकीएवढी आहे. म्हणजे गॅस वाचवायला विजेकडे वळावं तर तीच रक्कम दुसऱ्या दारातून जाते. दरांचे आकडे आयोगाच्या आदेशांनुसार वर-खाली होत राहतात, पण टप्प्यांची ही रचना जुनी आहे. ती करण्यामागचा हेतू चांगला आहे: कमी वापरणाऱ्याला स्वस्त वीज मिळावी. पण टप्पा महिन्याच्या हिशेबाने मोजला जात असल्यामुळे वर्षभर काटकसरीने राहणारं घर दोन-तीन महिने पाणी तापवलं म्हणून श्रीमंतांच्या रांगेत जाऊन बसतं. एकट्या राहणाऱ्या म्हातारीची गत वेगळी. तिने महिन्याला पंचवीस युनिटच वापरले तरी या दराने तिचं बिल सव्वातीनशेच्या घरात जातं आणि त्यातला जवळजवळ अर्धा भाग स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क यांचा असतो. ती दिवे मालवून बसली तरी हे पैसे वाचत नाहीत.

यावर एक विचार इथे लोकांच्या तोंडी नेहमी येतो. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते, मग आम्हाला ती महाग का? कोयना प्रकल्पाचं धरण साताऱ्यात असलं तरी त्याची पोफळी-अलोऱ्याची वीजगृहं चिपळूण तालुक्यात आहेत. जयगडला जिंदालचा १२०० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प आहे. एन्रॉनने उभारलेला दाभोळचा वायूवरचा प्रकल्प गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. आणि माडबनला ९९०० मेगावॉटच्या अणुऊर्जा प्रकल्पासाठी जमीन घेतलेली आहे. जमिनी देणाऱ्या आणि राख-धुराची चिंता वाहणाऱ्या जिल्ह्याची ही भावना समजण्यासारखी आहे. पण वीजदर महावितरणच्या सगळ्या क्षेत्राला एकच असतो, आणि तो तसाच असावा. नाहीतर जिथे असे प्रकल्प नाहीत त्या गडचिरोलीच्या गरीब घराने जास्त पैसे मोजावेत असा त्याचा अर्थ होईल. प्रश्न वीज कुठे तयार होते याचा धरला की आपण गरीब घराचा मुद्दा सोडून जिल्ह्याच्या मानापमानात शिरतो.

आता घरातल्या पैशांच्या वेळापत्रकाकडे पाहू, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. पावसच्या पट्ट्यात भातशेती मुख्यतः घरच्या जेवणापुरती. रोख पैसा येतो तो आंबा-काजूतून, मजुरीतून, मासेमारीतून आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीतून, जी आता मोबाइलवरून येते. आंब्याचा पैसा मार्चअखेरीपासून मेपर्यंतचा. थंडीत मोहोर येतो तेव्हा बागेवर उलटा खर्च चालू असतो: तुडतुडा आणि भुरीवरच्या फवारण्या, पंपाचं इंधन, राखणदार, मजूर. लहान बागायतदार आणि त्याच्याकडे कामाला येणारी माणसं, दोघांचाही हात या दिवसांत आखडलेला असतो. त्यात गणपती-दिवाळीचा खर्च नुकताच होऊन गेलेला. अशा वेळी, २०२५ मधल्या दराने, साडेआठशे रुपये एकरकमी काढून गॅसचा नंबर लावणं हा निर्णय वाटतो तितका सोपा नसतो. वर्षभराच्या सरासरीने पाहिलं तर हे घर कदाचित तेवढा गॅस परवडणारं ठरेल, पण बिल येतं ते महिन्याला.

मग घर काय करतं? ते चुलीकडे जातं. पावसाळ्यात लाकूड भिजलेलं असतं, चूल धुमसते, म्हणून त्या चार महिन्यांत गॅस हात सैल सोडून वापरावा लागतो. ऑक्टोबर सरला की ऊन पडतं, आंब्या-काजूच्या वाळक्या फांद्या, नारळाची चुडतं, सोडणं, करवंट्या, सड्यावरची फाटी हे सगळं हाताशी येतं. न्हाणीतली चूल किंवा तांब्याचा बंब पेटतो आणि टाकी शक्य तितकी लांबवली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच वावगं दिसत नाही. परसातून निघणारा धूर आपल्याला निसर्गरम्य कोकणाचा भाग वाटतो. ब्रिटनमधलं म्हातारं जोडपं थंड खोलीत कुडकुडलं की ती बातमी होते, कारण त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो. पावसची बाई कुडकुडत नाही. ती लाकडं आणते, फोडते, रचते, फुंकणीने फुंकते आणि पाणी तापवते. बिल थकत नाही, वीज तोडली जात नाही, तक्रार नोंदली जात नाही. म्हणून सरकारच्या कुठल्याही कागदावर या घराची अडचण उमटत नाही. कागदावर त्या घरात गॅसजोडणी आहे, वीजजोडणी आहे आणि दोन्हींची थकबाकी शून्य आहे.

जोडणी देण्याचं काम आपल्या देशात खरोखर मोठं झालं, हे आधी मान्य केलं पाहिजे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावाने अनामत न घेता गॅसजोडणी देणारी ही योजना आज दहा कोटींहून जास्त घरांपर्यंत पोचली आहे. पण जोडणी मिळाल्यावर पुढे काय झालं? महालेखापरीक्षकांनी २०१९ साली या योजनेचा अहवाल दिला. त्यात २०१८ अखेरपर्यंत वर्षाहून जुन्या झालेल्या जोडण्यांवर वर्षाला सरासरी सव्वातीनच्या आत टाक्या घेतल्या जात असल्याचं नोंदवलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५८.६ टक्के घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरत होती आणि ग्रामीण भागात फक्त ४३.२ टक्के. त्याच सुमारास गॅसजोडण्या जवळपास सगळ्या घरांपर्यंत पोचल्याचा सरकारी दावा होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. एक जोडणीचा आहे, दुसरा वापराचा, आणि या दोहोंमधल्या फरकात आपल्या बायकांचे कोट्यवधी तास जळत असतात.

या फरकामागे गॅसचे वाढलेले भावही आहेत; ते का वाढले हेही थोडक्यात सांगितलं पाहिजे. भारत आपल्या गरजेपैकी साठ टक्क्यांच्या आसपास एलपीजी आयात करतो आणि त्याचा दर सौदी अरेबियाच्या करारदरावर ठरतो. हा दर २०२०-२१ मध्ये टनाला सरासरी ४१५ डॉलर होता, तो २०२२-२३ मध्ये ७१२ डॉलरवर गेला. दरम्यान २०२० च्या मध्यापासून सर्वसाधारण ग्राहकाचं अनुदान जवळपास थांबलं होतं. मुंबईत टाकी ११०२ रुपये ५० पैशांपर्यंत चढली. ऑगस्ट २०२३ अखेर सरकारने सगळ्यांसाठी २०० रुपये कमी केले, मार्च २०२४ मध्ये आणखी १००, आणि एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये पुन्हा वाढवले. उज्ज्वलाच्या ग्राहकाला मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान मिळू लागलं. २०२५-२६ साठी ते वर्षाला नऊ टाक्यांपुरतं ठेवलं आहे. म्हणजे मदत मिळतच नाही, ही तक्रार खोटी ठरेल. मदत आहे, आणि ती कोट्यवधी रुपयांची आहे. अडचण ती कोणत्या क्षणी हातात पडते याची आहे.

याचा सर्वांत चांगला पुरावा आपल्याच देशाने, नकळत का होईना, तयार करून ठेवला आहे. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा उज्ज्वलाच्या ग्राहकांना तीन टाक्या मोफत देण्याचं ठरलं. त्या वेळी टाकीचे पैसे आधी बँक खात्यात टाकले गेले आणि मग बाईने नंबर लावला. एरवीच्या क्रमाच्या हे अगदी उलट होतं. उज्ज्वलाची सरासरी २०१९-२० मध्ये वर्षाला ३.०१ टाक्या होती, ती २०२०-२१ मध्ये ४.३९ वर गेली. आगाऊ पैसे बंद झाले, भाव चढले आणि २०२१-२२ मध्ये ती ३.६८ वर उतरली. पुढे अनुदान वाढत गेलं आणि भाव उतरला, तेव्हा कुठे २०२४-२५ मध्ये ती ४.४७ वर आली, म्हणजे टाळेबंदीच्या वर्षी जिथे होती तिथेच परत पोचायला चार वर्षं लागली. यावर कुणी म्हणेल की त्या वर्षी माणसं घरातच होती, लाकडं आणायला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून गॅस जास्त लागला. हे काही अंशी बरोबर आहे, सगळं श्रेय आगाऊ पैशाला देता येणार नाही. पण त्याच वर्षी लोकांची मजुरी बुडाली होती. रोख कमाई नसताना गॅसचा वापर वाढला ही गोष्ट आगाऊ पैशाशिवाय समजावून सांगता येत नाही.

महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणलेली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना या कसोटीवर पाहावी. उज्ज्वलाच्या सुमारे बावन्न लाख ग्राहकांना आणि लाडकी बहीण योजनेत पात्र ठरलेल्या बायकांच्या कुटुंबांना वर्षाला तीन टाक्या मोफत, अशी ही घोषणा. शासन निर्णयानुसार उज्ज्वलाच्या ग्राहकाला केंद्राच्या ३०० रुपयांच्या जोडीला राज्याचे ५३० आणि इतरांना राज्याचे ८३० रुपये मिळायचे. रक्कम चांगली आहे. पण ती परत मिळणारी रक्कम आहे. बाईने आधी वितरकाला पूर्ण पैसे द्यायचे आणि मग बँक खात्यात जमा होण्याची वाट पाहायची. ज्या घरात साडेआठशे रुपये शिल्लक असतात त्या घराला ही योजना पूर्ण उपयोगी पडते. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याला पहिल्या पायरीवरच उसनवारी करावी लागते किंवा टाकी पुढे ढकलावी लागते. दुसरी अट जोडणी बाईच्याच नावाने असण्याची. तिच्यामागचा विचार योग्य आहे, पण कोकणात तिचा परिणाम नीट पाहायला हवा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रातलं सर्वांत जास्त प्रमाण. आणि जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत घटली होती. पुरुष मुंबईला, बाई गावात, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. अशा घरांत जुनी गॅसजोडणी नवऱ्याच्या किंवा कधीच वारलेल्या सासऱ्याच्या नावावर असणं अगदी साहजिक आहे. चूल पेटवणारी बाई इथे, कागदावरचं नाव भलतीकडे, आणि नाव बदलायचं तर कागदपत्रं घेऊन हेलपाटे तिनेच घालायचे.

ब्रिटनच्या अनुभवातूनही हेच दिसलं. तिथल्या सरकारने २०२२-२३ च्या हिवाळ्यात प्रत्येक घराला ४०० पौंड दिले, ऑक्टोबर ते मार्च अशा सहा हप्त्यांत. बहुतेकांना ते बिलातूनच आपोआप वजा झाले, काही करावं लागलं नाही. पण आधी पैसे भरून मग वीज मिळणारे जुन्या पद्धतीचे मीटर ज्यांच्याकडे होते, त्यात गरीब भाडेकरू बरेच, त्यांना कूपनं पाठवली गेली. ती दुकानात नेऊन वठवायची होती. अशी लाखो कूपनं वेळेत वठवलीच गेली नाहीत. श्रीमंत देशातही मदतीच्या वाटेत एक जास्तीची पायरी ठेवली की तिच्यावर अडखळतो तो सर्वांत गरजू माणूस. यातून घेण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे मदतीला हंगाम होता. थंडीचा खर्च थंडीतच भागवायचा, हे तिथल्या सरकारला सांगावं लागलं नाही.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण त्यातले काही वजनदार आहेत. पहिला असा की कोकणात लाकूड फुकट आहे; जे फुकट मिळतं ते सोडून सरकारी पैशाने गॅस कशाला जाळायचा? ज्याची स्वतःची बाग आहे त्याला वाळक्या फांद्या विकत घ्याव्या लागत नाहीत, हे खरं. पण बाग नसलेल्या घराला, कुळवाड्याला, मजुराला, खाडीकाठच्या मच्छीमाराला लाकूड दुसऱ्याच्या आवारातून मागून आणावं लागतं किंवा विकत घ्यावं लागतं. आणि जे आणलं जातं तेही श्रमाशिवाय येत नाही. डोक्यावरचा भारा, कोयत्याने फोडणं, पावसाआधी रचून ठेवणं यांचे तास कुणी मोजत नाही म्हणून ते फुकट ठरत नाहीत. धुराचं तर विचारूच नका. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे बत्तीस लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बायकांचा आणि चुलीजवळ खेळणाऱ्या लहान मुलांचा वाटा मोठा. फुकटच्या लाकडाचं बिल शेवटी सरकारी दवाखान्यात येतं आणि ते सरकारच भरतं.

दुसरा आक्षेप चवीचा आणि सवयीचा. चुलीवरची भाकरी, मातीच्या मडक्यातली आमटी, मंद निखाऱ्यावर ठेवलेलं दूध हे लोकांना आवडतं, गॅस मिळाला तरी ते चूल सोडणार नाहीत, असं म्हणतात. यात तथ्य आहे. ज्यांना परवडतं अशी कित्येक घरंही चूल ठेवतात आणि आनंदाने वापरतात. त्यांच्या चुलीला हात लावण्याचं काही कारण नाही. पण आवडीने केलेली भाकरी आणि टाकी लांबवायची म्हणून पहाटे पाच वाजता फुंकलेली न्हाणीतली चूल यांत फरक करायला हवा. पाच बादल्या पाणी चुलीवरच तापवायची आवड कुणालाही नसते. चव हे कारण पुढे करून सक्तीचं समर्थन करू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो अनुभवातून आलेला आहे. पैसे नंतर खात्यात देण्याची पद्धत चोरी थांबवण्यासाठीच आणली होती. पूर्वी घरगुती टाकी स्वस्त आणि व्यावसायिक टाकी महाग असे दोन दर होते, तेव्हा घरगुती टाक्या सर्रास हॉटेलांत आणि गाड्यांत जात. १ जानेवारी २०१५ पासून देशभर अनुदान थेट खात्यात जाऊ लागलं आणि त्या गळतीला आळा बसला. मग पुन्हा आधी पैसे देऊन जुना रोग ओढवून घ्यायचा का? मी हा धोका हलका मानत नाही. पण आगाऊ पैसे म्हणजे स्वस्त टाकी नव्हे. दुकानातला दर सगळ्यांना एकच राहतो. बदलतो तो फक्त क्रम. २०२० मध्ये हेच केलं होतं: पहिल्या टाकीचे पैसे आगाऊ, आणि ती घेतल्याची नोंद झाली की दुसरीचे. घेतली नाही तर पुढचा हप्ता नाही. आता तर टाकी घरी देताना मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक दाखवावा लागतो, त्यामुळे कोणती टाकी कुणाच्या दारात उतरली याची नोंद आहेच. गळती रोखण्याची साधनं तेव्हापेक्षा आज जास्त आहेत, मग गरीबाकडूनच आधी पैसे मागण्याचा आग्रह का?

राहिला तिजोरीचा प्रश्न. राज्यावर कर्ज आहे, आणखी मोफत काही देऊ नये, असं म्हणणाऱ्यांशी मी एका मर्यादेपर्यंत सहमत आहे. म्हणूनच इथे नवी खैरात मागत नाही. खर्च होणारा पैसाच वेगळ्या रीतीने जावा एवढंच सांगणं आहे. कृषिपंपांच्या मोफत विजेसाठी, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना, राज्य वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये देतं. ओलिताची शेती फार थोडी असलेल्या कोकणाच्या वाट्याला त्यातलं अगदी थोडं येतं. टाकीमागे सगळ्यांसाठी २०० रुपये कमी केले तेव्हा बंगल्यातल्या घरालाही तेच मिळालं आणि मजुराच्या घरालाही. सरसकट सवलतीपेक्षा कमी टाक्या घेणाऱ्या घराकडे जास्त लक्ष दिलं तर त्याच पैशात जास्त काम होईल. छतावरच्या सौरऊर्जेला मी विरोध करणार नाही. केंद्राच्या योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तीन किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, आणि राज्याने शंभर युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या घरांसाठी त्यात भर घातली आहे. एक किलोवॅटचा संच महिन्याला शंभरच्या आसपास युनिट देऊ शकतो. पण कौलारू छप्पर, माडा-फणसांची सावली, जूनपासूनचे चार महिने झाकोळलेलं आभाळ आणि तौक्तेसारखं वादळ यांचा विचार करता पावसच्या प्रत्येक घराला ते जमणार नाही. ज्याच्या नावावर घरच नाही त्याला तर नाहीच.

करण्यासारखं जे आहे ते फार अवघड नाही. अन्नपूर्णेच्या तीन टाक्यांपैकी निदान एकीचे पैसे दर वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला आगाऊ द्यावेत. पाच किलोची लहान टाकी उज्ज्वलात मिळू शकते. ती गावोगावच्या वितरकाकडे खरोखर उपलब्ध असावी, कारण तीनशे रुपये उभे करणं आणि साडेआठशे उभे करणं यात गरीब घराला फार अंतर असतं. विजेचा पहिला टप्पा महिन्याला शंभरऐवजी वर्षाला बाराशे युनिट असा मोजावा. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाची मर्यादा आजही वर्षाला ३६० युनिट अशीच मोजली जाते, तेव्हा वार्षिक हिशेब महावितरणला नवा नाही. असं केलं तर उन्हाळाभर वातानुकूलन यंत्र चालवणारा सुटणार नाही, कारण तो बाराशेच्या पुढे केव्हाच गेलेला असतो. आणि यश मोजायचं ते जोडण्यांवरून मोजू नये. कोणत्या गावात, कोणत्या वाडीत, एका घराने वर्षाला किती टाक्या घेतल्या ही आकडेवारी तेल कंपन्यांकडे आजच आहे. नावं वगळून ती गावनिहाय जाहीर करावी.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते, ऐन थंडीत. पावसच्या आणि कोकणातल्या प्रत्येक गावच्या ग्रामसभेत हा एक प्रश्न विचारला जावा: आपल्या गावात उज्ज्वलाच्या जोडण्या किती आणि गेल्या वर्षी त्यांवर टाक्या किती आल्या? तो बायकांनी विचारावा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.